शेवटच्या कडव्यातले नाव

पिंपरी-चिंचवडला गाणे नाही, असे पुण्याचे लोक पूर्वी म्हणत आणि अजूनही म्हणतात. गाणे म्हणजे त्यांच्या लेखी डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव, अंगाभोवती लपेटलेली शाल आणि दोन गायकांच्या मधल्या वेळात घेतलेला चहा. या मापाने मोजले तर आम्ही नापासच. आमच्याकडे सूर एकच, आणि तोही दिवसातून तीनदा ठरल्या वेळी लागणारा. तो म्हणजे कारखान्याचा भोंगा. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना आला. त्यामागून स्कूटरचे, मालमोटारींचे आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. इतक्या घाईने वाढलेल्या गावाला गुणगुणायला सवड कुठून मिळणार, असे पाहुण्याला वाटले तर त्याचा राग धरण्यात अर्थ नाही.

मी १९६८ साली सातारा जिल्ह्यातून इथे आलो आणि एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये छत्तीस वर्षे नटबोल्ट मोजले. त्या मोजणीतून वेळ काढून मी दुसरीही एक मोजणी करीत असे. कोण कुठून आला आणि त्याने ट्रंकेतून कोणते गाणे आणले, ही ती मोजणी. कोल्हापूरकडच्या फिटरने लावणी आणली होती. खानदेशातल्या वेल्डरने अहिराणी लग्नगीते आणली होती. माझ्या खोलीतला विदर्भाचा एक मुलगा खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजने म्हणे, आणि शेजारचा बिदरकडचा रखवालदार कानडीत काहीतरी अतिशय करुण गात असे. त्याचा अर्थ विचारल्यावर ते एका चुकार रेड्याविषयी आहे असे निघाले. आज चाकणच्या भाड्याच्या खोल्यांतून संध्याकाळी भोजपुरी ऐकू येते. तेव्हा गाणे नाही हे काही खरे नव्हे. गाण्याला सभागृह नव्हते, एवढेच.

आमच्या मशीन शॉपमध्ये एक टर्नर होता. सगळे त्याला शाहीर म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. तो आला १९७३ साली, उस्मानाबादकडून. आता त्या जिल्ह्याला धाराशिव म्हणतात. बाहत्तरच्या दुष्काळात त्याने आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली होती. त्या मिलोचे नाव काढले की त्याचा चेहरा अजून कडू होई. उंचीने बेताचा, आवाज खर्जातला, किंचित घोगरा. खंडेनवमीला आम्ही लेथ धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालीत असू, नारळ फुटे, पेढे वाटले जात, आणि मग कुणीतरी म्हणे, “होऊ द्या शाहीर!” तो हात पुसत पुढे येई आणि दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर वाजवीत गाऊ लागे. ढोलकी, हार्मोनियम काही नाही. गायचा ते बहुतेक वामनदादांचे.

वामनदादा कर्डक हे नाव काही वाचकांना नवे असेल. ज्यांना ते नवे नाही त्यांनी एक परिच्छेद दमाने घ्यावा. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या खेड्यात १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईला येऊन त्यांनी मिळेल ती मजुरी केली. शाळा पाहिलेली नव्हती. एकदा कुणा अनोळखी माणसाने त्यांच्यापुढे पत्र धरून वाचून दाखवा म्हटले आणि ते वाचता येईना म्हणून या तरुणाला रडू कोसळले, असे सांगतात. मग बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी गमतीचे विडंबन रचले, ते चाळीतल्या लोकांना आवडले, आणि तिथून जे सुरू झाले ते १५ मे २००४ रोजी देह ठेवीपर्यंत थांबले नाही. गाणी किती? काही हजार. बरीचशी बाबासाहेब आंबेडकरांवर आणि त्यांच्या विचारावर. पण तेवढीच नाहीत. प्रेमाची आहेत, शेताची आहेत, पोटाची आहेत, सासुरवाशिणीची आहेत, निखळ थट्टेची आहेत. ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट १९५९ साली निघाला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे मुक्काम ठोकून बसला. त्यातले एक ठसकेबाज गाणे वामनदादांचे आहे, हे ते गाणे गुणगुणणाऱ्या कित्येकांना आजही ठाऊक नसते.

चाली त्यांना कुठल्याही चालत. जात्यावरची ओवी, तमाशातली लावणी, कव्वाली, सिनेमातले नवे गाणे, जे लोकांच्या तोंडी असेल ते उचलायचे आणि त्यात आपले म्हणणे बसवायचे. संगीताचे जाणकार यावर नाक मुरडतात. मुरडोत बापडे. ज्याला आज रात्री या गावात आणि उद्या दहा कोसांवरच्या गावात उभे राहायचे आहे, ज्याच्याजवळ कागद छापायला पैसा नाही आणि ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक निरक्षर आहेत, त्याने ओळखीच्या चालीचे बोट धरले तर त्यात शहाणपणच आहे. चाल लोकांना आधीच पाठ असते. शब्द तेवढे नवे शिकायचे असतात. आणि शब्दांत पुष्कळदा गोष्ट असते. माणूस घरातून निघतो, कुणीतरी भेटते, काहीतरी बिघडते, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की ही तर आपलीच हकिगत. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकामागे एक पक्ष होता, कचेरी होती. वामनदादांच्या मागे गाणारी दोनचार माणसे आणि पुढे एस. टी.ची वाट. १९४३ साली गायला लागलेल्या या माणसाचा पहिला संग्रह ‘वाटचाल’ निघाला तो १९७३ साली. तीस वर्षे हा कवी निव्वळ लोकांच्या तोंडावर जगला होता. पुढे १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात पुष्कळदा ‘वामन’ येतो. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’. याला नाममुद्रा म्हणतात आणि ती मराठीत नवी नाही. अफझलखानाच्या वधाचा १६५९ सालचा पोवाडा रचणाऱ्याचे अज्ञानदास हे नाव आपल्यापर्यंत पोचले ते पोवाड्यात गुंफलेले होते म्हणून. कागद फाटतो, वाळवी लागते, घर जळते. पण गाणारा जोवर शेवटचे कडवे गाळत नाही तोवर कर्त्याचे नाव सुटत नाही. बिनपैशाचा, बिनकचेरीचा हा नोंदणीखाता आहे, आणि माझ्यासारख्या स्टोअर्सच्या माणसाला त्याचे फार कौतुक वाटते. मालाच्या अंगावरच खूण ठोकलेली असली की पावती हरवली तरी चालते.

हा खाता आमच्या परिसरात तर घरचाच. देहू आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. ‘तुका म्हणे’ लोकांच्या जिभेवर राहिले. आणि ज्यांनी ते अभंग लिहून ठेवले ते संताजी जगनाडे चाकणचे, जातीने तेली. म्हणजे गाणारा देहूचा आणि लिहून घेणारा चाकणचा. आज त्या चाकणला मोटारींचे कारखाने आहेत आणि कांद्याच्या बाजाराला निघालेले टेम्पो कंटेनरांच्या मध्ये अडकून पडतात; संताजींची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. आमच्याकडे हिशेब लिहिणारे कारकून पोत्याने निघाले, मी त्यातलाच एक. पण आमच्या धंद्याचा मूळपुरुष असा अभंग लिहून घेणारा असावा, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

चाकणवरून नाशिकला जाणारा रस्ता पाहा. वाटेत नारायणगाव लागते, तमाशाच्या फडांचे माहेर, विठाबाईंचे गाव. पुढे संगमनेर, तिथला अनंतफंदी. पेशवाईतला हा शाहीरही आपले नाव फटक्यात घालायला विसरत नसे. आणखी पुढे सिन्नर, म्हणजे वामनदादांचा तालुका. त्या एका रस्त्यावर इतके गाणारे, आणि आज तिथून जाताना आपण मोजतो ते फक्त टोलनाके आणि किती तास अडकलो ते.

तर शाहीर. वामनदादांची गाणी गाता गाता हा माणूस स्वतः रचायला लागला. आधी त्याने लपवले. एका खंडेनवमीला त्याने एक गाणे म्हटले, त्यात कंपनीच्या फाटकाबाहेर पाटीत वडे घेऊन बसणारी बाई होती. ती कुणाकुणाचे उधार ठेवते, कुणाचा पगार झाला हे त्याच्या चालीवरून कसे ओळखते, आणि संपाच्या दिवसांत फाटक बंद झाल्यावर तिच्या वड्यांचे काय होते, अशी ती गोष्ट. गाणे संपले तेव्हा टाळ्या वाजल्याच नाहीत. शंभरेक माणसे नुसती उभी. त्यांतल्या निम्म्यांची उधारी त्या बाईकडे होती. मी विचारले, “हे वामनदादांचं?” तो म्हणाला, “नाही.” “मग कुणाचं?” “असंच.” या ‘असंच’वरून मी ओळखले, आणि दुसऱ्या दिवसापासून एका जुन्या स्टॉक रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर त्याची गाणी उतरवून घ्यायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत तो सांगे, मी लिही. डाव्या रकान्यात तारीख, मध्ये शब्द, उजव्या रकान्यात चाल. शेरा म्हणून एक रकाना होता, त्यात मी कधी ‘उत्तम’ लिहिले, कधी ‘तिसरे कडवे सैल’. शाहिराने ते शेरे वाचले असावेत, कारण सैल कडवी पुढल्या आठवड्यात घट्ट होऊन येत.

एकूण त्रेसष्ट गाणी आहेत. कॉट बेसिसवर राहणाऱ्या तिघांचे एक आहे. एकच खाट तीन पाळ्यांत तिघे वापरतात आणि एकमेकांना कधी पाहत नाहीत, फक्त उशीला लागलेल्या तेलाच्या वासावरून ओळखतात. कर्जाने घेतलेल्या सायकलीचे एक आहे. वल्लभनगरच्या एस. टी. स्थानकावर दिवाळीच्या आदल्या रात्री मिठाईचा खोका डोक्यावर धरून झोपलेल्या माणसाचे एक आहे. ते ऐकून माझी बायको हसता हसता डोळे पुसायला लागली होती. आणि जात्याचे एक आहे, त्याच्या दोन ओळी इथे देतो:

पीठ घरी जातं, जातं मागं राहतं;
पगार गावी जातो, माणूस इथं राहतं.

‘माणूस राहतं’ हे व्याकरणात बसत नाही, ‘राहतो’ हवे, असा शेरा मी त्या वेळी मारला होता. शाहीर म्हणाला, “साहेब, इथं राहून राहून माणसाचं ‘ते’च होतं.” तो शेरा मी खोडला नाही, पण पुढे व्याकरणाचे शेरे मारणे बंद केले.

या त्रेसष्ट गाण्यांत एकातही त्याचे नाव नाही. मी म्हणालो होतो, “शेवटी नाव घाल. वामनदादा घालतात, तुकोबा घालतात.” तो बराच वेळ डबा पुसत राहिला. मग म्हणाला, “त्यांचं वेगळं. वामनदादांनी गाण्यावर पोट ठेवलं. मिळालं तर खाल्लं, नाही तर नाही. मी सात तारखेला पगार घेतो, माझा फंड कापला जातो, ऊन लागलं तर शेडमध्ये जातो. नाव घालायचा हक्क रानात फिरणाऱ्याला.” मी वाद घातला. म्हटले, तुकोबांचे दुकान होते. त्यावर तो हसला आणि म्हणाला, “ते बुडालं की! माझी कंपनी बुडू द्या, मग नाव घालतो.” कंपनी काही बुडाली नाही. शाहीर २००८ साली निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत गेला.

त्याचे म्हणणे मला त्या वेळी पटले नाही आणि आजही पटत नाही. रानोमाळ फिरून गाणाऱ्याविषयी त्याला जो आदर होता तो योग्यच होता. तसे जगायला छाती लागते, आणि वामनदादांच्या आयुष्यात त्या छातीची किंमत त्यांनी आणि घरच्यांनी पुरेपूर मोजली. परंतु दुसऱ्या पाळीहून रात्री बारा वाजता परतणारा माणूस सायकल चालवताना जे कडवे जुळवतो, त्याला काय कमी किंमत पडते? झोप मोडूनच ते येते. नोकरीवाल्याचे गाणे हौसेचे आणि फिरत्याचे गाणे खरे, ही वाटणी ऐकायला बरी वाटते. ऐकणारा मात्र गाणे ऐकून रडतो की हसतो एवढेच पाहतो. गाणाऱ्याचा फंड कापला जातो की नाही, हे तो विचारत नाही.

हे सगळे रजिस्टर कपाटातच राहिले असते, पण माझी नात गिटार वाजवते. ती चाकणच्या एका मोटार कारखान्यात इंजिनियर आहे. दिवसभर यंत्रमानवांकडून वेल्डिंग करवून घेते आणि रात्री अमेरिकेतल्या कुणाकुणाची गाणी म्हणते. त्या गाण्यांच्या प्रकाराला ‘अमेरिकाना’ म्हणतात, असे तिने मला सांगितले. डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या जुन्या चाली, काळ्या मजुरांचे ब्लूज, देवळातल्या प्रार्थना, खाणीतली आणि आगगाडीची गाणी, असे सगळे एका गाठोड्यात बांधायचे, आणि गाण्यातून गोष्ट सांगायची. गाणारा बहुधा एकटा, स्वतःच लिहिणारा, मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेला, गाडीत गिटार टाकून गावोगाव हिंडणारा. मी म्हटले, “मग यात नवीन काय? यातला एक आमच्या सिन्नरला होता.” ती म्हणाली, “आजोबा, तुमचं सगळं सिन्नरलाच असतं.”

पण तिने मला वुडी गथ्री ऐकवला, आणि त्या माणसाने मला धरून ठेवले. जन्म १९१२, ओक्लाहोमातले ओकीमा गाव. १९३०च्या दशकात तिकडे पाऊस गेला, धुळीची वादळे उठली, शेतकरी बिऱ्हाडे गाडीवर लादून कॅलिफोर्नियाकडे निघाले. हा त्यांच्यातच होता, त्यांचीच गाणी त्याने रचली, आणि चाली घेतल्या त्या लोकांना पाठ असलेल्याच. त्याचे सर्वांत गाजलेले गाणेही एका जुन्या गाण्याच्या चालीवर बसवलेले आहे. गिटारीवर त्याने लिहून ठेवले होते की हे यंत्र फॅसिस्टांचा निकाल लावते. गिटारीला यंत्र म्हणणारा हा माणूस मशीन शॉपमध्ये आमच्या शाहिराच्या शेजारी शोभला असता. मिलो ज्वारीचा राग मात्र शाहिराने त्याच्यावर काढला असता, हे निश्चित.

गथ्री १९६७ साली वारला. त्याच्या मागे गाण्यांचे पुष्कळ कागद निघाले. शब्द होते, चाली त्याच्याबरोबर गेल्या होत्या. मग त्याच्या मुलीने ते शब्द पुढच्या पिढीतल्या गायकांच्या हाती दिले आणि त्यांनी नव्या चाली लावून १९९८ साली ध्वनिमुद्रिका काढली. नातीने हे सांगितले आणि लगेच म्हणाली, “तुमचं ते रजिस्टर द्या.” तिचा डाव माझ्या ध्यानात आला. मी म्हटले, “आपल्याकडे चालींचा रकाना भरलेला आहे.” तो भरलेला होता खरा, पण त्यात अमुक सिनेमाची चाल, तमुक आरतीची चाल अशा नोंदी त्रेचाळीस, आणि उरलेल्या वीस गाण्यांपुढे नुसते ‘त्याची स्वतःची’.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. नातीने मोबाइलवर मला एका लग्नातले गाणे दाखवले. नऊवारी नेसलेल्या सात-आठ मुली हळदीला जात्याभोवती फेर धरून गात होत्या. शाहिराचेच ते गाणे, चाल बदललेली, एक कडवे गाळलेले. खाली लिहिले होते, ‘शब्द: पारंपरिक’.

नात संतापली. मी संतापलो नाही, आणि याचे मलाच आश्चर्य वाटले. एका टर्नरचे गाणे तीसपस्तीस वर्षांत ओवीइतके जुने दिसायला लागावे, कुणाला कर्ता विचारावासाच वाटू नये, याहून मोठा शेरा माझ्या रजिस्टरात कुठे आहे? वामनदादांचीही किती गाणी अशीच वाहत गेली असतील. पण रात्री झोप येईना. ‘पारंपरिक’ हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, आणि त्याच्याआड एक माणूस सहज मावतो. ज्याच्या मागे घराणे असते, छापखाना असतो, त्याचे गाणे कधी पारंपरिक होत नाही. खडी फोडणाऱ्याचे आणि वडे विकणारीचे मात्र चटकन होते. वामनदादांना हे माहीत असले पाहिजे. म्हणूनच ते शेवटच्या कडव्यात स्वतःला असे पक्के रिवेट मारून ठेवीत. शाहिराने ते रिवेट आपणहून मारले नाही. त्याच्या पश्चात ते मी मारावे काय?

आम्ही दोघे एका रविवारी चिखलीला वहिनींकडे गेलो. वहिनी म्हणजे शाहिराची बायको. वय पंचाहत्तरीच्या घरात, ऐकू स्वच्छ येते, गुडघे दुखतात. नातीने आपली योजना मांडली. रजिस्टर छापायचे, गाणी मुद्रित करायची, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात जागा करून नाव बसवायचे. तिने दोनतीन ठिकाणी बसवून आणलेही होते, आणि वाईट बसले नव्हते. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“गाण्यात नको,” त्या म्हणाल्या. “गाण्यात त्यांनी घातलं नाही, तर आपण कशाला घुसवायचं? पण पुस्तकावर घाला. मोठं घाला. त्यांना लाज वाटायची नावाची, मला नाही वाटत.”

“आणि ते पारंपरिक म्हणतात त्यांचं काय?” नातीने विचारले.

“त्यांना पुस्तक पाठवा. पोस्टानं.”

असे ठरले. छपाईचा खर्च जुन्या मशीन शॉपमधल्या अकरा जणांनी वाटून उचलला आहे. पुस्तक येत्या खंडेनवमीपर्यंत निघेल, तेव्हा नाव सर्वांना कळेलच, म्हणून इथे शाहीर या नावावरच काम भागवले. मलपृष्ठावर काय असावे यावर अजून वाद चालू आहे. मी रजिस्टरच्या पानाचा फोटो सुचवला आहे, शेऱ्यांसकट.

‘त्याची स्वतःची’ असे लिहिलेल्या त्या वीस चालींचा प्रश्न मात्र नातीपुढे होताच. तिने जात्याच्या गाण्याला एक नवी चाल लावून आणली होती, ती तिने गिटारीवर वाजवून दाखवली. चांगली होती, मोटारीसारखी पळत होती. वहिनी गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होत्या. दुसऱ्या कडव्याशी त्यांनी हात वर केला.

“थांब गं बाई. इतकी घाई नाही त्याला. जातं जड असतं.”

आणि त्या गाऊ लागल्या. नातीने गिटार खाली ठेवली आणि मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. त्या दुपारी वीसपैकी सतरा चाली निघाल्या. उरलेल्या तीन गाण्यांच्या वेळी आपण माहेरी होतो, असे वहिनी म्हणाल्या.